पट्टीवरील धांवपटूची पहिली लांब शर्यत : तिची पारख कशी करावी?

एखाद्याचें काम पाहून त्यास बरें किंवा वाईट म्हणणें फार सोपें आहे. परंतु तें काम कोणत्या परिस्थितींत झालें, त्याचा हेतु काय होता आणि त्यांतून पुढें काय निष्पन्न झालें, याचा विचार करून मग मत देणें अवघड आहे. परीक्षक होण्याची हौस आपणां सर्वांसच असते. परीक्षकाचे श्रम मात्र थोडेच लोक घेतात. ही गोष्ट जशी विद्येच्या प्रांतांत खरी आहे तशीच खेळाच्या मैदानावरही खरी आहे. म्हणून धांवण्याच्या शर्यतींतील एक ठळक उदाहरण घेऊन निर्णय देण्याची योग्य रीति कोणती, हें पाहण्याचें या लेखांत योजिलें आहे.

ता. १५ सप्टेंबर २०२४ रोजीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें अर्ध-मॅरेथॉनची शर्यत झाली. तींत नॉर्वे देशाचा याकोब इंगेब्रिग्त्सेन हा तरुण धांवपटु उतरला होता. त्या दिवशीं त्याला चोवीस वर्षें पूर्ण होण्यास अवघे चार दिवस कमी होते. सन २०२१ मध्यें टोकियो येथें १५०० मीटरांच्या व सन २०२४ च्या ऑगस्टांत पॅरिस येथें ५००० मीटरांच्या शर्यतींत त्यानें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें होतें. त्याच ऑगस्टच्या २५ तारखेस पोलंडांत ३००० मीटरांचें अंतर ७ मिनिटें १७.५५ सेकंदांत धांवून त्यानें जागतिक उच्चांकही केला होता. अर्ध-मॅरेथॉन मात्र तो प्रथमच धांवत होता. निकाल लागला तेव्हां त्याचें नांव ३४ व्या क्रमांकावर आलें. त्याला १ तास ३ मिनिटें १३ सेकंद लागले. केनियाचा सबास्तियन सावे ५८ मिनिटें ५ सेकंदांत पहिला आला. म्हणजे विजेता आणि हा ऑलिंपिक वीर यांच्यामध्यें ५ मिनिटें ८ सेकंदांचें अंतर पडलें.

आतां या निकालावरून काय म्हणावें? “हा केवळ थोड्या अंतराचा घोडा, लांबच्या पल्ल्याचें याचें काम नव्हे,” असें एक जण म्हणेल. “दोन दिवसांपूर्वींच तो दुसरी शर्यत धांवला होता, म्हणून हा निकाल जमेसच धरूं नये,” असें दुसरा म्हणेल. पहिल्याचें मत कठोर आहे आणि दुसऱ्याचें मृदु आहे. परंतु दोघांनीही पारख केलेली नाहीं. एकानें क्रमांक वाचला व दुसऱ्यानें सबब शोधली, एवढेंच. खरी पारख करावयाची तर प्रथम पट्टीवरील धांवणें व रस्त्यावरील धांवणें यांत भेद काय, तो नीट समजून घेतला पाहिजे.

ज्या पट्टीस आपण ट्रॅक म्हणतों तिची एक फेरी ४०० मीटरांची असते. १५०० मीटरांस पावणेचार फेऱ्या, ५००० मीटरांस साडेबारा आणि १०,००० मीटरांस पंचवीस फेऱ्या होतात. जमीन सपाट व एकसारखी असते. प्रत्येक फेरीला घड्याळ दिसतें. प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर असतात. आणि शेवटच्या फेरीच्या आरंभीं घंटा वाजते. किती धांवलों व किती उरलें, याचा हिशेब धांवणाऱ्यास पदोपदीं मिळत असतो. रस्त्यावर यांतील बहुतेक गोष्टी नाहींत. चढ-उतार, वळणें, समोरचा वारा, ऊन, डांबराचा वा दगडी फरसबंदीचा कठीण पृष्ठभाग, धांवतां धांवतां पाणी पिण्याची कसरत, हीं सारीं तेथें नव्यानें उपस्थित होतात. आणि घंटा वाजविणारा तर कोणीच नसतो. आपल्या शक्तीचा हिशेब आपणच मनांत ठेवावा लागतो.

याहून मोठा भेद अंतराचा आहे. अर्ध-मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर ९७.५ मीटर. हें अंतर १५०० मीटरांच्या चौदापट व ५००० मीटरांच्या सवाचारपट आहे. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरांची. सन १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें इतकें अंतर ठेवण्यांत आलें आणि सन १९२१ मध्यें तेंच प्रमाण म्हणून ठरलें. साडेतीन मिनिटांच्या कामांत पारंगत असलेल्या शरीरास एक तासाचें किंवा दोन तासांचें काम सांगावयाचें, म्हणजे तें जवळ जवळ निराळेंच काम होय.

शरीरांत हा भेद कसा घडतो तें थोडक्यांत पाहूं. धांवतांना स्नायूंस जी शक्ति लागते ती मुख्यत्वें प्राणवायूच्या साहाय्यानें अन्नद्रव्यें जाळून मिळते. गति वाढत गेली म्हणजे असा एक टप्पा येतो कीं, त्यापुढें लॅक्टेट नांवाचें द्रव्य रक्तांत जितक्या वेगानें तयार होतें तितक्या वेगानें खर्च होत नाहीं व तें सांचूं लागतें. लॅक्टेट हें स्वतः विष नव्हे. स्नायू व हृदय त्याचा इंधनासारखा उपयोगही करितात. परंतु त्याचें सांचणें ही खर्च आवाक्याबाहेर गेल्याची खूण आहे. या टप्प्याच्या गतीनें कसलेला धांवपटु साधारणतः एक तासपर्यंत धांवूं शकतो. म्हणजे उत्तम धांवपटूची अर्ध-मॅरेथॉन ही जवळ जवळ याच सीमेवरून चालण्याची कसोटी होय. १५०० मीटर धांवणारा या सीमेच्या पलीकडे जातो, कारण त्याला लगेच परत यावयाचें असतें. रस्त्यावर मात्र जो आरंभींच सीमा ओलांडतो त्याला ती उधारी पुढच्या प्रत्येक किलोमीटरला व्याजासह फेडावी लागते. पूर्ण मॅरेथॉनमध्यें आणखी एक अडचण असते. स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेनच्या रूपानें सांठविलेली शर्करा मर्यादित असते. ती तिसाव्या किलोमीटरच्या पुढें-मागें संपत आली म्हणजे पाय जड होतात, आणि सांठा चरबीचा कितीही असला तरी त्यावर तीच गति टिकत नाहीं.

हा भेद ध्यानांत घेऊन आतां पारखीचे प्रश्न क्रमानें पाहूं.

पहिला प्रश्न असा कीं, रस्ता व दिवस कसा होता? जगांतील सर्व पट्ट्या एका मापाच्या असतात, परंतु कोणतेही दोन रस्ते सारखे नसतात. म्हणून रस्त्यावरील उच्चांक मान्य होण्यास नियम केलेले आहेत. माप घेतलेल्या सायकलीनें रस्ता मोजला पाहिजे. आरंभ व शेवट या दोन स्थळांमधील सरळ अंतर शर्यतीच्या एकंदर लांबीच्या निम्म्याहून अधिक असतां कामा नये. आणि आरंभापासून शेवटापर्यंतचा एकूण उतार दर किलोमीटरला सरासरी एक मीटरहून जास्त नसावा. सन २०११ मध्यें बोस्टन येथें केनियाच्या जेफ्री मुताईनें २ तास ३ मिनिटें २ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. तोंपर्यंत इतक्या थोड्या वेळांत मॅरेथॉन कोणीही धांवलें नव्हतें. तरी बोस्टनचा मार्ग या नियमांत बसत नसल्यामुळें तो जागतिक उच्चांक गणला गेला नाहीं.

दिवसाचा परिणाम किती होतो याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच आहे. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाडा या लहानशा आदिवासी खेड्यांतून आलेल्या कविता राऊत हिनें सन २०१० च्या आशियाई खेळांत १०,००० मीटरांचें रौप्यपदक मिळविलें होतें. पट्टीवरून ती रस्त्याकडे वळली, आणि सन २०१६ च्या फेब्रुवारींत गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई खेळांत २ तास ३८ मिनिटें ३८ सेकंदांत मॅरेथॉनचें सुवर्णपदक तिनें जिंकलें. त्याच वर्षीं ऑगस्टांत रिओ येथील ऑलिंपिकमध्यें, उन्हांत व साऱ्या जगांतील निवडक स्त्रियांच्या मेळ्यांत, तिला २ तास ५९ मिनिटें २९ सेकंद लागले व क्रमांक १२० वा आला. धांवणारी तीच, अंतर तेंच, वर्षही तेंच. तरी दोन निकालांत जवळ जवळ एकवीस मिनिटांचा फरक पडला. यांतील कोणत्याही एकाच आंकड्यास “ही कविता राऊत” असें म्हणतां येईल काय?

दुसरा प्रश्न पूर्वतयारीचा. शर्यतीपूर्वीं धांवपटु काय करीत होता? इंगेब्रिग्त्सेन हा १३ सप्टेंबरला, म्हणजे कोपनहेगनच्या आधीं दोनच दिवस, ब्रसेल्स येथें डायमंड लीगच्या अंतिम सामन्यांत १५०० मीटर धांवला होता व जिंकलाही होता. त्याची सारी मोसमाची तयारी पट्टीसाठीं होती. याच्या उलट केनियाच्या एलिउड किपचोगे याचें उदाहरण पाहावें. सन २००३ मध्यें पॅरिस येथें तो ५००० मीटरांत जगज्जेता झाला होता. पुढें सन २०१२ च्या ऑलिंपिकसाठीं केनियाच्या संघांत त्याची निवड झाली नाहीं, तेव्हां तो रस्त्याकडे वळला. त्यानें प्रथम त्याच वर्षीं फ्रान्समधील लील येथें अर्ध-मॅरेथॉन ५९ मिनिटें २५ सेकंदांत धांवून पाहिली, आणि मग सन २०१३ च्या एप्रिलांत हँबुर्ग येथें आपली पहिली पूर्ण मॅरेथॉन २ तास ५ मिनिटें ३० सेकंदांत जिंकली. एक जण पायरी पायरीनें चढला, दुसऱ्यानें एकदम उडी घेतली. उडी घेणें हा अपराध नव्हे. परंतु उडी घेणारा आणि पायऱ्या चढणारा यांस एकाच मापानें मोजणें हा परीक्षकाचा अपराध होय.

तिसरा प्रश्न माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि घाईचे परीक्षक तोच विसरतात. त्यानें आपली शक्ति वाटेंत कशी वांटली? इंगेब्रिग्त्सेननें पहिले १० किलोमीटर सुमारें साडेसत्तावीस मिनिटांत काटले, म्हणजे दर किलोमीटरला २ मिनिटें ४५ सेकंद. सावे याची संपूर्ण शर्यतीची सरासरी काढली तर तीही नेमकी २ मिनिटें ४५ सेकंदच येते. याचा अर्थ असा कीं, पहिले दहा किलोमीटर आपला हा नवशिका विजेत्याच्याच गतीनें धांवत होता. उरलेल्या ११ किलोमीटर ९७.५ मीटरांस मात्र त्याला सुमारें पावणेछत्तीस मिनिटें लागलीं, म्हणजे दर किलोमीटरला ३ मिनिटें १३ सेकंद. त्याच्या साऱ्या शर्यतीची सरासरी जवळ जवळ ३ मिनिटें येते. पण गंमत अशी कीं, या सरासरी गतीनें तो बहुधा फारच थोडा वेळ धांवला असेल. पूर्वार्धांत तो तिच्याहून पंधरा सेकंद जलद होता, उत्तरार्धांत तेरा सेकंद मंद होता. वर सांगितलेली उधारी ती हीच.

या दोन आंकड्यांतून जें कळतें तें ३४ या एका आंकड्यांतून मुळींच कळत नाहीं. त्याच्या पायांत वेग नव्हता असें नव्हे. दहा किलोमीटरपर्यंत तर तो जगांतील उत्तम धांवपटूंच्या बरोबरीचा होता. उणीव होती ती पुढील अकरा किलोमीटरांच्या सवयीची आणि आरंभीं हात राखण्याच्या शहाणपणाची. पहिली उणीव सरावानें भरून येते, दुसरी अनुभवानें. दोन्ही भरून येण्यासारख्या आहेत, हेंच या पारखीचें सार.

चौथा प्रश्न गणिताचा आहे, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तो स्वतः करून पाहतां येईल. पट्टीवरील वेळेवरून रस्त्यावरील वेळेचा अंदाज करण्यासाठीं पीटर रीगेल या अमेरिकन अभियंत्यानें एक सूत्र मांडलें. तें सन १९८१ मध्यें एका विज्ञानविषयक मासिकांत सविस्तर प्रसिद्ध झालें. सूत्राचा आशय असा : अंतर ज्या प्रमाणांत वाढेल त्या प्रमाणाचा १.०६ वा घात करावा व त्यानें पहिल्या वेळेस गुणावें. अंतर दुप्पट झालें तर वेळ दुप्पट न होतां २.०८५ पट होते. म्हणजे गति सुमारें शेंकडा चार कमी होते. सोयीची गोष्ट अशी कीं, ५००० मीटरांवरून अर्ध-मॅरेथॉन आणि १०,००० मीटरांवरून पूर्ण मॅरेथॉन, या दोहोंचें प्रमाण एकच आहे, आणि दोन्ही ठिकाणीं गुणक सुमारें ४.६ येतो.

इंगेब्रिग्त्सेनची ५००० मीटरांची तोंवरची उत्तम वेळ १२ मिनिटें ४८.४५ सेकंद होती. तीस ४.६ नें गुणिलें म्हणजे ५८ मिनिटें ५५ सेकंद येतात. प्रत्यक्षांत त्याला याहून ४ मिनिटें १८ सेकंद अधिक लागले. आतां इतर थोरांची पहिली मॅरेथॉन याच मापानें मोजूं. इंग्लंडचा मो फरा हा सन २०१४ च्या एप्रिलांत लंडन येथें प्रथम मॅरेथॉन धांवला. त्याच्या १०,००० मीटरांच्या २६ मिनिटें ४६.५७ सेकंद या वेळेवरून अंदाज येतो २ तास ३ मिनिटें १० सेकंदांचा. प्रत्यक्ष लागले २ तास ८ मिनिटें २१ सेकंद, व क्रमांक आठवा. केनियाच्या पॉल टरगटनें सन १९९७ मध्यें २६ मिनिटें २७.८५ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला होता. त्यावरून अंदाज येतो २ तास १ मिनिट ४४ सेकंदांचा. सन २००१ मध्यें लंडन येथील पहिल्या प्रयत्नांत त्याला लागले २ तास ८ मिनिटें १५ सेकंद, व क्रमांक दुसरा. युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई हा १०,००० मीटरांचा जागतिक उच्चांक २६ मिनिटें ११ सेकंद असा बाळगून सन २०२३ च्या डिसेंबरांत व्हॅलेन्सिया येथें पहिली मॅरेथॉन धांवला. त्याचा अंदाज २ तास २७ सेकंदांचा. प्रत्यक्ष २ तास ८ मिनिटें ५९ सेकंद, आणि क्रमांक ३७ वा.

याचा अर्थ काय? हे सारे नालायक ठरले काय? नव्हे. सूत्र असें गृहीत धरतें कीं, धांवपटूनें दोन्ही अंतरांची तयारी सारखीच केली आहे. पट्टीवरून नुकत्याच आलेल्या माणसाच्या बाबतींत तें गृहीत खरें नसतें. म्हणून अंदाज व प्रत्यक्ष यांतील तफावत ही त्याची लायकी दाखवीत नाहीं. रस्त्याचें शिक्षण अजून किती उरलें आहे तें दाखविते. परीक्षेंत कमी पडलेले गुण हे विद्यार्थ्याच्या बुद्धीचें माप नसून पुढें करावयाच्या अभ्यासाची यादी असते, तसेंच हें.

पांचवा प्रश्न क्रमांकाचा. क्रमांकास कांहींच अर्थ नाहीं असें कोणी समजूं नये. शर्यत ही अखेर शर्यत आहे, आणि जो पहिला येतो तो जिंकतो. या बाबतींत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक याची कथा मनन करण्यासारखी आहे. सन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें त्यानें २० जुलैस १०,००० मीटर व २४ जुलैस ५००० मीटर जिंकले, आणि २७ जुलैस तो मॅरेथॉनसाठीं उभा राहिला. त्यापूर्वीं त्यानें मॅरेथॉन एकदांही धांवली नव्हती. इंग्लंडचा जिम पीटर्स हा त्या काळीं मॅरेथॉनमध्यें सर्वांत वेगवान होता. त्यानें आरंभापासून जबर गति धरली, परंतु ती त्यालाच झेपली नाहीं व वाटेंतच त्याला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटें ३ सेकंदांत पहिला आला. दुसरा आलेला अर्जेंटिनाचा गोर्नो त्याच्या मागें अडीच मिनिटें होता.

आतां याच झाटोपेकला वरील सूत्र लावून पाहा. सन १९५० मध्यें त्यानें १०,००० मीटर २९ मिनिटें २.६ सेकंदांत काटले होते. त्यावरून मॅरेथॉनचा अंदाज येतो २ तास १३ मिनिटें ३६ सेकंदांचा. म्हणजे अंदाजापेक्षां तो साडेनऊ मिनिटें मंद धांवला. फरा, टरगट व चेप्टेगेई या तिघांहूनही त्याची तफावत मोठी! केवळ घड्याळ पाहणारा परीक्षक त्याला खालीं बसवील, आणि केवळ क्रमांक पाहणारा डोक्यावर घेईल. खरें असें कीं, आठ दिवसांतील ती त्याची तिसरी सुवर्णपदकाची शर्यत होती, आणि त्या दिवशीं त्याला घड्याळ जिंकावयाचें नव्हतें, माणसें जिंकावयाचीं होतीं. तें काम त्यानें पुरें केलें. चार वर्षांनीं मेलबोर्न येथें मॅरेथॉनमध्यें तो सहावा आला. तेथें विजयी झाला तो फ्रान्सचा अलँ मिमून. ऑलिंपिकच्या पट्टीवर तीन वेळां झाटोपेकच्या मागें दुसरा राहिलेला हा धांवपटु पस्तिसाव्या वर्षीं आपली पहिलीच मॅरेथॉन धांवत होता. पट्टीवरचा ‘दुसरा’ हा रस्त्यावरही दुसराच राहणार, असें आधींच ठरविणारे त्या दिवशीं चुकले असते.

सहावा प्रश्न शेवटचा आहे आणि त्याचें उत्तर शर्यतीच्या दिवशीं देतांच येत नाहीं. पुढें काय झालें? टरगटनें पहिल्या प्रयत्नानंतर अडीच वर्षांनीं, सन २००३ मध्यें बर्लिन येथें, २ तास ४ मिनिटें ५५ सेकंदांत मॅरेथॉन धांवून जागतिक उच्चांक केला. फरा पुन्हां पट्टीवर गेला, सन २०१६ मध्यें रिओ येथें दोन सुवर्णपदकें घेऊन आला, आणि मग सन २०१८ मध्यें शिकागोची मॅरेथॉन २ तास ५ मिनिटें ११ सेकंदांत जिंकून त्यानें युरोपचा तत्कालीन उच्चांक केला. व्हॅलेन्सियास ३७ वा आलेला चेप्टेगेई आठच महिन्यांनीं पॅरिस येथें १०,००० मीटरांचा ऑलिंपिक विजेता ठरला. आणि इंगेब्रिग्त्सेन? कोपनहेगननंतर पांच महिन्यांनीं, १३ फेब्रुवारी २०२५ रोजीं, फ्रान्समधील लिएवां येथें छपराखालील पट्टीवर एका मैलाचा जागतिक उच्चांक त्यानें केला, आणि त्याच धांवेंत वाटेवरील १५०० मीटरांचाही. रस्त्यावरच्या एका अपयशानें त्याच्या पायांतला वेग हिरावून घेतला नाहीं आणि मनांतली उमेदही घालविली नाहीं.

मग कोपनहेगनच्या धांवेविषयीं आपला निर्णय काय? कोणी म्हणेल कीं, एवढे प्रश्न विचारून शेवटीं परीक्षक सर्वांनाच शाबासकी देऊन मोकळा होणार. तसें नव्हे. न्यायी परीक्षक खुशामत करीत नाहीं. इंगेब्रिग्त्सेनचा निर्णय मी असा लिहीन : साहस प्रशंसनीय, दिवस प्रतिकूल, पण तो त्यानेंच पत्करलेला, तयारी अपुरी, आणि आरंभींच्या दहा किलोमीटरांची गति ही उघड चूक. शर्यत म्हणून ती फसली, आणि ती फसली असें स्पष्ट म्हणण्यांत त्याचा अपमान नाहीं. परंतु शर्यत फसली आणि धांवपटु फसला, हीं दोन निराळीं वाक्यें आहेत. पहिलें वाक्य पुराव्यानें सिद्ध होतें. दुसरें सिद्ध करण्यास एका सकाळचा पुरावा पुरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय दूरच्या देशांतील नामांकित पुरुषांपुरताच आहे असें समजूं नका. मैदानावर एक फेरी सर्वांत पुढें धांवणारा मुलगा लांबच्या शर्यतीस प्रथमच उभा राहतो. आरंभीं वाऱ्यासारखा सुटतो, अर्ध्या वाटेवर त्याचा दम तुटतो, आणि मागाहून पाय ओढीत तो फाटकांतून आंत येतो. त्या वेळीं कडेला उभे असलेले आपण काय करितों? हंशा पिकवितों, किंवा “जाऊं दे, तुझें हें काम नव्हे,” अशी वरवरची समजूत घालितों. या दोहोंचा परिणाम एकच होतो : पुढच्या वर्षीं तो मुलगा नांव देत नाहीं. कदाचित् त्याच्यांतला एखादा मिमून त्या दिवशीं आपण घरीं परत पाठविलेला असतो. त्याऐवजीं कोणी जवळ जाऊन एवढेंच विचारिलें कीं, “पहिला मैल किती मिनिटांत धांवलास, आणि शेवटचा किती?” तर त्या प्रश्नांत हंसण्याहून अधिक खरेपणा व समजुतीहून अधिक दया आहे. कारण त्याचें उत्तर देतां देतां आपलें काय चुकलें तें त्याचें त्यालाच कळेल, आणि चूक कळली म्हणजे पुन्हां प्रयत्न करण्यास कारण मिळतें.

प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायांत शर्यतींत धांवणाऱ्यांची उपमा दिली आहे. करिंथ शहराच्या नजीकच इस्थमियन खेळ भरत असत, त्यामुळें ती उपमा तेथील लोकांस तत्काळ समजली असेल. त्या उपमेंत पौल भर देतो तो केवळ वेगावर नव्हे, तर स्पर्धकानें सर्व बाबतींत राखावयाच्या संयमावर. लांब शर्यतीचें रहस्यही तेंच आहे, आणि न्यायाचेंही. धांवणाऱ्यानें पहिल्या मैलांत पाय आवरावा आणि पाहणाऱ्यानें पहिल्या निकालांत जीभ आवरावी, म्हणजे दोघेही आपली शर्यत नीट पुरी करतील.